गल्लीतलं लँडिंग

१२ एप्रिल, शनिवार. वर्षाच्या चटणीच्या सहा किलो मिरच्यांचे देठ मोडायचे होते. ऊन चढायच्या आत त्या गच्चीत पसरायला हव्यात म्हणून मी सातलाच हॉलमध्ये जुनी चादर अंथरून बसले. समोर जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर माझी मुलगी डोळे मिटून बसली होती. उजव्या हाताची मूठ हवेत, डावा हात लोणच्याच्या बरणीवर. फ्रीजच्या दारावर तिनं विमानातल्या सगळ्या बटणांचं मोठं चित्र चिकटवलं होतं, त्यामुळं दूध काढायचं तर आधी तिला विचारावं लागत होतं.

ती विमान उतरवत होती. मूठ म्हणजे सुकाणू, बरणी म्हणजे वेगाचा दांडा. पायलट लोक असाच सराव करतात म्हणे, खुर्चीत बसून. खरं मशीन, म्हणजे जमिनीवरच उभं असलेलं खोटं विमान, कंपनीकडं असतं आणि परीक्षेपुरतंच हाताला लागतं. त्या परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. मंगळवारी पुन्हा होती. त्यानंतर तिसरी संधी नव्हती. कंपनी नारळ देणार होती. चार दिवसांची सुट्टी घेऊन ती घरी आली होती आणि आल्यापासून बरणी सोडत नव्हती.

"नीट सांग, काय करायचं असतं," मी म्हटलं.

तिनं माझ्या चादरीवरच शहर मांडलं. मिरच्यांचा ढीग म्हणजे डोंगर. देठांचा पसारा म्हणजे इमारती. एक लांब ब्याडगी म्हणजे रनवे. डोंगरामुळं सरळ येता येत नाही. अर्ध्या वाटेपर्यंत यंत्रं सांगतात, पुढं खिडकीतून डोळ्यांनी बघत जायचं. रनवेला समांतर जायचं, डोंगराच्या अलीकडं वळायचं, वळण संपलं की रनवे समोर. विमानतळ गर्दीचा, मागं दुसरी विमानं रांगेत. पाचशे फूट उंचीवर विमान सरळ रेषेत आणि ठरल्या वेगात असलं पाहिजे. नसलं तर उतरायचं नाही. पुन्हा वर जायचं आणि फेरी मारून यायचं. त्याला गो अराउंड म्हणतात.

"मागच्या वेळी काय झालं?"

"वळण मोठं झालं. वेगही जास्त होता. मला वाटलं, होईल सरळ."

"मग?"

"झालं की सरळ. पण तोवर निम्मा रनवे संपला होता. गवतात गेलो."

मी दोन मिरच्या मोडल्या. "आत किती माणसं होती?"

"आई, मशीन होतं ते."

"तरी, किती धरलेली?"

"एकशे ऐंशी."

शेजारच्या खुर्चीत दुसरा पायलट बसतो, तो आकडे बघून चुका ओरडून सांगतो, असं तिनं सांगितलं आणि मला तिथं बसवलं. मिरच्यांचं सूप मांडीवर घेऊन मी बसले. तिनं डोळे मिटले, वळण घेतलं आणि पुटपुटली, "उंची जास्त. वेग जास्त. पाचशे."

"जमतंय, जमतंय, घे," मी म्हटलं.

तिनं डोळे उघडले. "आई, आत्ता तू सगळ्यांना मारलंस."

यात माझा दोष थोडाच होता. मी बावीस वर्षं बायकांना दुचाकी शिकवते. बाई वळताना मध्येच बिचकली की पडते. म्हणून मी मागं बसून एकच घोष लावते, जमतंय, घे, घे. या एका वाक्यावर अर्ध्या कोल्हापुरातल्या बायका चौकातून वळल्यात. मुलगीही माझ्याकडंच गाडी शिकली. हे वाक्य तिनं सोळाव्या वर्षी ऐकलं ते डोक्यात ठेवलं आणि विमानात घेऊन गेली, हे मला तेव्हा कळलं. पण कबूल करायची घाई केली नाही.

"खुर्चीत मला काही समजत नाही," मी म्हटलं. "मला चाकं लागतात. स्कूटर काढ."

आमची गल्ली या कामाला बरी आहे. मागच्या रस्त्यानं घरांना समांतर जायचं, गवळ्याच्या कोपऱ्यावर वळायचं, पुन्हा वळलं की गल्ली सरळ आमच्या गेटापर्यंत. गेट उघडं ठेवलं, तो रनवे. गल्लीच्या मध्यावर विजेचा डीपी आहे, ते पाचशे फूट. डीपीपाशी गाडी गल्लीच्या मधोमध, वेग वीस आणि समोर वाट मोकळी असली तरच गेटात शिरायचं. नाहीतर गेटावरून पुढं, मारुतीच्या देवळाला वळसा घालून पुन्हा मागच्या रस्त्याला. मी मागं बसून ओरडणार.

खऱ्या रनवेच्या कडेला चार दिवे असतात. दोन लाल, दोन पांढरे दिसले की उंची बरोबर. चारही लाल म्हणजे फार खाली आलात. हे काम नवऱ्याला दिलं. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कास्टिंग तपासतो. केसाएवढी चीर दिसली की अख्खा लॉट परत पाठवतो, त्यामुळं माणूस योग्य वाटला. गच्चीच्या कठड्यावर चार लाल झाकणं आणि चार पांढऱ्या ताटल्या घेऊन तो उभा राहिला. मनाला येईल तसं लावायचं, एवढंच त्याला सांगितलं. दोन-दोन दिसले नाहीत तर पोरीनं गेटात न शिरता पुढं जायचं.

पहिल्या फेरीला कोपऱ्यावर गवळीमामांच्या सहा म्हशी आडव्या. गिऱ्हाइकांसमोर धार काढून झाली होती, म्हशी घरी निघाल्या होत्या. मी खूश झाले, पहिल्याच झटक्यात अडथळा. पण मामांनी मला बघितलं, पोरीला बघितलं.

"काय चाललंय, मॅडम?"

"पोरीच्या परीक्षेचा सराव."

एवढं ऐकून मामांनी सहाही म्हशी समोरच्या डॉक्टरांच्या आवारात घातल्या. "या, बाळ, या. वाट मोकळी हाय." मुलगी मधोमध, वीसच्या वेगानं, थेट गेटात.

दुसऱ्या फेरीला डीपीपाशी पार्सलचा टेम्पो उभा होता. तोवर शेजारच्या वहिनी बाहेर आल्या होत्या. आमच्या वहिनींना गल्लीतलं काहीही दोनदा सांगावं लागत नाही.

"ओ पावणं, टेम्पो मागं घ्या. पोरीची परीक्षा हाय."

"कशाची?"

"विमानाची."

त्या माणसानं टेम्पो पार कोपऱ्यापर्यंत मागं घेतला.

तिसरी, चौथी, पाचवी फेरी. गल्लीत शिरलं की माणसं भिंतीला चिकटून उभी. कुणी सायकल उचलून घेतली, कुणी कुत्रं धरून ठेवलं. आणि गच्चीवर प्रत्येक वेळी दोन लाल, दोन पांढरे.

मी खालूनच ओरडले, "अहो, चार लाल दाखवा की एकदा."

"दाखवतो की."

सहाव्या फेरीला त्यानं तीन लाल लावले. आम्ही डीपीपर्यंत आलो तसं एक झाकण हळूच काढलं आणि ताटली ठेवली.

"का बदललं?"

"पोर जरा गांगरल्यासारखी वाटली," तो म्हणाला. "म्हणून दुरुस्त केलं."

दिवसभर लोकांचा माल परत पाठवणारा हा माणूस. मी गाडीवरून उतरले, गच्चीत गेले, त्याला मिरच्या पसरायला बसवलं आणि चारही लाल झाकणं स्वतः लावली. मुलगी एकटीच फेरीला गेली.

गल्लीच्या तोंडाशी ती दिसली. डीपीपाशी तिनं मान वर केली, झाकणं बघितली. वेग कमी नाही, जास्त नाही. आली ती सरळ गेटात. गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काढलं. तोवर मी खाली आले होते.

"चार लाल होते," मी म्हटलं.

"दिसले."

"मग?"

"मला वाटलं, बाबांचंच काहीतरी चुकलं असेल."

"आणि नसतं चुकलं तर?"

ती हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिली. "तेव्हाही असंच झालं, आई. आकडे दिसत होते. वाटलं, इतकं आलोय, मागं रांग लागलीय, सगळे बघतायत. आता कुठं परत फिरायचं."

"बघू देत की. बघायला काय होतंय."

"तूच तर म्हणतेस, वळण घेतलं की पुरं करायचं."

"ते स्कूटरचं आहे," मी म्हटलं. "माझ्या गाडीवर एकशे ऐंशी माणसं बसत नाहीत."

हे बोलून मी गल्लीत गेले आणि सगळ्यांना गोळा केलं. पोर मागं एकदा का नापास झाली ते सांगितलं आणि म्हटलं, आता कुणी वाट सोडायची नाही. उलट अडवायची. कधी अडवाल ते तिला आधी कळता कामा नये.

गल्लीला हे काम पहिल्यापेक्षा जास्त आवडलं. मामांनी घरी पोचलेल्या म्हशी पुन्हा आणल्या. वहिनींनी सांडग्यांचं बाजलं गल्लीच्या मधोमध टाकलं. टेम्पोवाला पार्सल देऊन झालं तरी गेला नाही, दोनदा आडवा उभा राहिला. आणि नवरा, एकदा हात मोकळा झाल्यावर, लाल सोडून दुसरं काही लावेचना. मी मागं बसून "गो अराउंड" ओरडत होते. पहिल्या दोन वेळा मुलगी गेटावरून पुढं जाताना मान खाली घालून गेली. गल्लीतल्या लोकांनी "अरारा" केलं, त्यामुळं ती आणखीच खाली गेली.

एक अडचण मात्र मी धरली नव्हती. आमच्या भागात बाहेर निघालेलं माणूस दारातून परत फिरलं तर त्याला बसवून घोटभर पाणी पाजतात, मगच पुन्हा निघू देतात. वहिनी हे पाळतात. आम्ही गेटावरून परत फिरून देवळापाशी पोचलो की तांब्या-भांडं घेऊन त्या उभ्याच.

"गेटातनं परत फिरलीस न्हवं? बस पायरीवर. पाणी पी."

"काकू, विमान थांबवून पाणी कोण पितं?"

"पीत न्हाईत म्हणून तर गवतात जातंय."

मुलगी प्रत्येक फेरीला पायरीवर टेकली, पाणी प्यायली, उठली. सातव्या भांड्याला ती वैतागली होती, पण मान खाली घालणं थांबलं होतं. परत फिरायचं, पाणी प्यायचं, पुन्हा यायचं. त्यात लाज वाटण्यासारखं काही शिल्लक राहिलं नव्हतं.

अडवाअडवीच्या नवव्या फेरीला म्हशी चरायला गेल्या होत्या. टेम्पोवाल्याला मालकाचा फोन आला होता. बाजलं वहिनींनी सावलीला ओढलं होतं. वर दोन लाल, दोन पांढरे, कारण नवरा जेवायच्या आधी कंटाळला होता. गल्ली रिकामी. डीपी जवळ आला. गाडी मधोमध नव्हती, हातभर डावीकडं होती. वेग चोवीस. कुणालाही दिसलं नसतं. मला दिसलं, आणि ओठावर "जमतंय, घे" आलं. मी दात आवळले.

"गो अराउंड," ती म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखं, आणि गेटावरून पुढं गेली.

"आता ग काय झालं?" वहिनींनी विचारलं. "काहीच न्हवतं की आडवं."

"थोडी डावीकडं होते, काकू."

"मग पाणी पी."

त्यानंतरच्या फेरीला आम्ही सरळ गेटात उतरलो. गाडी चालू ठेवून मुलगी आत पळाली. तांब्याभर पाणी पोटात होतं, ती इमर्जन्सी होती आणि तशी नोंद करायला तिनं बाथरूममधून सांगितलं.

मंगळवारी दुपारी माझा क्लास सुरू होता. साडेचारला फोन आला.

"झालं."

"काय झालं ते सांग."

"पास."

मी रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसले. गाडीवरच्या बाईंना गाडी बंद करायला सांगितलं. "एका झटक्यात?"

"दोनदा वर गेले. पहिल्यांदा त्यांनी रनवेवर मुद्दाम दुसरं विमान ठेवलं. दुसऱ्यांदा माझंच वळण मोठं झालं. तिसऱ्यांदा उतरले."

"परीक्षक काय म्हणाले?"

"म्हणाले, आज तुला घाई दिसत नाही. मी म्हटलं, नाही, सर."

"बरं. जेवलीस का?"

"नाही अजून."

"मग जेव," म्हटलं आणि फोन ठेवला. क्लासमधल्या बाई विचारत होत्या, मॅडम, डोळ्यात काही गेलं का. मी म्हटलं, मिरची. शनिवारची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गारगोटीच्या एका विद्यार्थिनीला फोन लावला. तिची त्या दिवशी लायसन्सची टेस्ट होती. इंग्रजी आठच्या आकड्यावरून पाय न टेकता गाडी फिरवायची असते आणि तिचा पाय दर वेळी टेकत होता. सोमवारी मीच तिला सांगितलं होतं, जा बिनधास्त, होतंय.

"आजची टेस्ट राहू दे," मी म्हटलं. "पुढची तारीख घेऊ. तुमचा पाय टेकतोय."

"मॅडम, तुम्हीच म्हटला की, होतंय."

"म्हटलं होतं. चुकलं."

"आवं, मी एसटीत बसलेय. नवी साडी नेसलेय. सगळ्या घराला सांगून आलेय."

"गाडी सुटली का?"

"न्हाय, स्टँडातच हाय अजून."

"मग उतरा."

"आणि घरात काय सांगू?"

"मॅडमनी परत पाठवलं म्हणून सांगा."

तिनं फोन बंद केला नाही. तसाच हातात धरून ती तिकिटाच्या पैशांवरून कंडक्टरशी भांडत खाली उतरली, ते सगळं मी ऐकून घेतलं. मग ज्यांना मी असंच 'होतंय' म्हटलं होतं, त्यांच्या यादीतल्या पुढच्या बाईंना फोन लावला.