टकल्याचा गोल

जाहीर निवेदन. समस्त फुटबॉलप्रेमी, इटली देशाचे सन्माननीय नागरिक आणि राबिघच्या कॅम्पात आमच्या रांगेत राहून गेलेले कोकणातले सर्व भाऊबंद यांना कळविण्यात येते की, आखाती युद्धाच्या ऐन धामधुमीत एका अत्यंत महत्त्वाच्या सामन्याचा निकाल परस्पर बदलण्यात आला होता. निकाल बदलणारा इसम सापडला आहे. तो मीच.

हसलात ना? हसा. लोकांना हसवण्यातच माझं आयुष्य गेलं. लग्न असो, पोराच्या बारशाचा अकिका असो, गावात कुणीतरी म्हणतंच, सलीमभाई, राबिघचं सांगा काहीतरी. मग मी सांगतो. इटालियन इंजिनियरांच्या मेसमध्ये मी वाढपी होतो, त्यामुळे किस्से पुष्कळ. शेवयांचा, चीजचा, साहेबाच्या हरवलेल्या दातांचा — सगळे सांगून झाले. हा एक कधीच नाही. बायकोलाही नाही. सांगायला घेतो आणि दुसराच कुठलातरी सांगून मोकळा होतो. आताही बघा ना — तेच चाललंय. दातांचा किस्सा जिभेवर येऊन बसलाय. पण कंटाळा आला आता. माणूस स्वतःला चुकवून चुकवून किती चुकवणार?

तर राबिघ. सौदीतलं समुद्रकाठचं गाव, शेजारी रिफायनरी, आणि रिफायनरीच्या भिंतीला लागून आमचा कॅम्प. लढाई सुरू झाली तेव्हा क्षेपणास्त्रं पडत होती ती रियाध आणि दहरानकडे. आमच्याकडे पडत होत्या त्या फक्त बातम्या. पण भीतीला अंतर कळतं का? खिडक्यांना प्लास्टिक चिकटवून आम्ही आत घामात बसायचो. गॅसचे मुखवटे आधी इटालियनांना मिळाले. मग विमानंही आधी त्यांनाच मिळाली. एका आठवड्यात सगळी मेस रिकामी. ताटं माझी, टेबलं माझी आणि मधोमध मी.

जाताना आल्दो नावाच्या इंजिनियरनं त्याचा मोठा रेडिओ माझ्या हातात ठेवला. त्याच्या गावचा संघ तळाला गेला होता. इटलीत तळाच्या संघांना पुढच्या वर्षी खालच्या वर्गात ढकलतात. आल्दोच्या गावाचा संघ त्याच्या आजोबांच्या काळापासून कधी खाली गेला नव्हता, आणि या वेळी जाईल असं त्याला वाटत होतं. रविवारी रेडिओ ऐक, परत आलो की मला सगळं सांग, असं काहीतरी तो म्हणाला. मी मान डोलावली. इटालियन मला किती येत होतं? मीठ, सूप, लवकर, गाढव, आणि ताटं मोजण्यापुरते आकडे.

पण कॅम्पात माझा दबदबा होता की सलीमला इटालियन येतं. तो मीच पसरवला होता. मग रविवारी असरची, दुपार कललीची नमाज झाली की आमच्या खोलीत आठ-दहा जण जमायचे. रेडिओ खरखरायचा, आतला माणूस तोंडाला फेस येईस्तोवर बोलायचा, आणि मी खाटेवर उभा राहून त्याचं 'भाषांतर' करायचो. त्याचा आवाज चढला की मी चेंडू पुढे न्यायचो, उतरला की मागे आणायचो. खेळाडूंना मी नावं ठेवली. एक उंटमान्या, एक खेकडा. आणि टकल्या. टकल्या तर पूर्ण माझाच — तसा खेळाडू त्या संघात होता की नाही, अल्ला जाणे. वय झालेला, गुडघे गेलेला बचावपटू, सगळे दमले तरी धावणारा.

टकल्यावर हसनमामूंचा जीव जडला.

हसनमामू म्हणजे आमच्या खोलीतले सर्वांत मोठे. रत्नागिरीकडच्याच, माझ्या शेजारच्या गावचे, पंधरा वर्षं वेल्डिंग करून डोळे कायम लाल. मी खालच्या वर्गाचं समजावलं तेव्हा तेच म्हणाले, "म्हणजे वेल्डरला हेल्पर करतात तसं. मेल्यांनो, हा आपलाच टीम हाय." त्या दिवसापासून तो आपला संघ.

आता मामूंचं दुखणं सांगतो — टाळत होतो ते. त्यांच्या घरून पत्राऐवजी कॅसेट यायची. त्या महिन्यात आलेल्या कॅसेटवर त्यांचे अब्बा बोलले. "हसन, जेवलास काय?" म्हणाले. मग भाताचं, आंब्यांचं बोलले. मग पुन्हा, "हसन, जेवलास काय?" थोड्या वेळानं पुन्हा. खोली हसली. "म्हाताऱ्याला तुझ्या पोटाची लय काळजी, मामू," कुणीतरी टोमणा मारला. मामू हसले नाहीत. त्यांनी कॅसेट मागे फिरवून ती जागा परत ऐकली. शेवटी भावाचा आवाज होता. अब्बा विसरायला लागलेत, अजून तुला रोज विचारतात, जमलं तर आत्ताच ये.

आणि जमत होतं! नेमक्या त्याच आठवड्यात कंपनीनं सांगितलं, ज्याला घाबरून घरी जायचंय त्यानं जावं. सोमवारी जेद्दाला बस, पुढे विमान. पण कागदावर शिक्का कायमच्या परतीचा. नोकरी खलास. नावं द्यायची रविवारी मगरिबच्या, दिवस मावळतानाच्या नमाजेनंतर. मामूंच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं, घर अर्धं बांधलेलं. जावं की राहावं? तीन दिवस त्यांनी धड जेवण घेतलं नाही. बाकीची रांग त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मामू राहिले तर आम्ही राहू, मामू गेले तर आम्हीही सुटलो — असं सगळ्यांचं.

मी? कॅम्प चालू असेतो मेसच्या माणसाला सोडणार नव्हते. म्हणजे सगळे गेले असते, आणि त्या प्लास्टिक लावलेल्या खोलीत मी, चार रिकाम्या खाटा आणि इजिप्तचा एक मिसरी चौकीदार. लक्षात ठेवा हे. पुढे उपयोगी पडेल माझ्या विरुद्ध.

रविवारी मामू हात धुऊन येऊन बसले आणि म्हणाले, "सल्या, माझं डोकं चालत नाय. आज तुझ्या टकल्यावर सोडतो. जिंकला तर राहायचं. हरला तर मी अब्बांकडे जातो." सगळे ओरडले, मामू, फुटबॉलवर काय सोडता! मामू म्हणाले, "कशावर तरी सोडायला पायजे ना? मी दमलो." हे बोलणारा माणूस कधी फाल काढून शकुन बघणारा, तावीज बांधणारा नव्हता. तुम्हाला काय वाटतं, त्यांना खरंच सामन्यानं ठरवायचं होतं? मला तेव्हाही वाटत होतं, ते हरण्याची वाट बघतायत. हरला की जायला मोकळे. बहिणीला, बायकोला, स्वतःला सांगायला काहीतरी मिळालं असतं.

सामना तळाच्याच दुसऱ्या संघाशी होता. जो हरेल त्याची आशा संपली, असं आल्दो जाताना दोन्ही हात हलवून सांगून गेला होता. मी खाटेवर चढलो. अर्धा वेळ मी नेहमीसारखं रचत राहिलो. उंटमान्या पडला, खेकड्यानं फटका हुकवला. शेवटाला रेडिओतला गोंगाट एकदम बंद झाला. हजारो माणसं एका वेळी गप्प झाली तर कसा आवाज येतो, ऐकलाय कधी? मग तो माणूस हळू बोलला. झीरो. ऊनो. शून्य, एक. आल्दोच्या गावाचं नाव आधी, शून्य त्याच्या पुढे.

आकडे मला येत होते. हे एवढंच मला खरोखर येत होतं.

मी मामूंकडे बघितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मला त्या चारी खाटा आत्ताच रिकाम्या दिसल्या — आणि मी ओरडलो, "गोल! टकल्याचा गोल!" आणि मग मी काय सुंदर रचलं म्हणून सांगू! टकल्या अर्ध्या मैदानातून लंगडत निघाला, दोघांना चकवलं, डोक्यानं मारला. खोलीत दंगा झाला. मी नाचलो. शिट्टी वाजेपर्यंत मी त्या मेलेल्या संघाला जिंकवत ठेवलं. दंगा उतरला तेव्हा मामू तसेच बसलेले होते. मग उठले, टोपी नीट केली आणि नमाजेला गेले. परत आल्यावर नाव द्यायला गेले नाहीत. कुणीच गेलं नाही.

थोड्या आठवड्यांत लढाई संपली. राबिघवर काहीच पडलं नाही. दुसऱ्या रांगांतले जे गेले ते नोकरीसाठी हात चोळत बसले आणि आमच्या रांगेनं माझ्या नावानं बिर्याणी केली. मी खाल्ली. दोनदा घेतली.

मग आल्दो परत आला. मामू मेसमध्ये ट्रॉलीचं तुटलेलं चाक जोडत होते. आल्दोनं मला मिठी मारली, एक बोट वर केलं, मग अंगठा जमिनीकडे केला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मामूंनी मान वर केली. "काय झालं रे याला?" सांगता आलं असतं. ती जागा होती, वेळ होती, साक्षीदारसुद्धा रडत समोर उभा होता. मी म्हणालो, "खुशीनं रडतो, मामू. टकल्याची आठवण काढतोय." मामू म्हणाले, "रडू दे मग," आणि चाकाकडे वळले.

पहिलं खोटं भीतीपोटी तोंडून गेलं म्हणता येईल — पण दुसरं? त्या दिवशी लढाई नव्हती. खोली भरलेली होती. मला फक्त माझी बिर्याणी परत द्यायची नव्हती. आणि पहिलंही मामूंच्या नोकरीसाठी नव्हतं, त्यांच्या बहिणीसाठी नव्हतं. मला ऐकायला माणसं हवी होती. एवढंच.

सुट्टी मिळाली ती दीड वर्षानं, दोघांनाही एकदमच. त्यांचं गाव वाटेवर, म्हणून मी त्यांच्या घरी उतरलो. मामूंनी जेद्दाहून अब्बांसाठी घोंगडी आणली होती, ती सगळ्या प्रवासात त्यांनी मांडीवर धरली होती. अब्बा पडवीत सुपारी फोडत बसलेले. मामूंनी सलाम केला. म्हाताऱ्यानं अदबीनं जवाब दिला, सुपाऱ्या बाजूला सारून दोघांना जागा करून दिली आणि विचारलं, "कुठून येणं झालं आपलं?"

मामूंनी घोंगडी पुढे धरली. मग म्हणाले, "सौदीतून."

म्हाताऱ्याचा चेहरा केवढा उजळला! घोंगडी धरलेला मामूंचा हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घाईघाईनं म्हणाला, "आमचा हसन हाय तिकडं. दिसला तर सांगा, लवकर ये म्हणावं — हल्ली माझ्या ध्यानात राहत नाय."