लूपेचं गाव आणि आमचं किचन

तिघांच्या एका किचनमध्ये दोन गोष्टी साचतात. भांडी आणि किस्से. भांडी कुणीतरी कधीतरी घासतं, किस्से तसेच पडून राहतात!

जर्मनीतल्या गार्चिंगच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी नागपूरची, योनास इथलाच, आणि लूपे मेक्सिकोच्या एका चिमुकल्या गावची. स्पॅनिश लोकांनी वसवलेलं जुनं गाव. दगडी रस्ते, पिवळं चर्च, समोर चौक. तिघंही पीएचडी करतोय, पण आमच्या डोक्याला खरा ताप लूपेच्या गावाने दिला. तोही इतक्या लांबून!

*

लूपेला आईसाठी पार्सल पाठवायचं होतं. तिने पत्ता लिहिला: चर्चच्या मागे, निळं दार, घरनंबर नाही.

पोस्टाच्या काउंटरवरच्या बाई हादरल्याच. "नंबर नाही? मग पोस्टमनला घर सापडणार कसं?"

लूपेला प्रश्नच कळेना. "अहो, तो माझा मामा आहे!"

*

एकदा आम्ही जेवत असताना लूपेचा घरी व्हिडिओ कॉल चालू होता. तिकडे पहाट. अचानक धडाड धूम! योनासच्या हातातला काटा पडला. "गोळीबार! पोलिसांना कळवा!"

"गावच्या संताचा उत्सव आहे," लूपे शांतपणे म्हणाली. "त्याला उठवायला फटाके लावतात. आठवडाभर."

योनासने जरा विचार केला. "आल्झो... म्हणजे मग तो बिचारा झोपतो कधी?"

*

लूपेची आई, कार्मेन, फोनवर माझ्याशी भरभर स्पॅनिश बोलायची. मी आपली प्रत्येक वाक्याला "सी, सी" करायची. एक दिवस लूपे धावत आली. "तू आमच्या घरच्या बाळ येशूच्या मूर्तीची धर्ममाता व्हायला हो म्हणालीस?"

घरी रोज बुद्धवंदना म्हणणारी मी! पण शब्द दिला तो दिला. धर्ममातेने बाळाला दरवर्षी नवे कपडे घ्यायचे असतात. आम्ही दुकानात गेलो.

"बाळ केवढं आहे?" सेल्सगर्लने कौतुकाने विचारलं.

लूपे म्हणाली, "दोन हजार वर्षांचं."

*

गेल्या उन्हाळ्यात माझी आई आली आणि त्याच आठवड्यात कार्मेनही. लूपेला कधीचं घरी जाता आलं नव्हतं, म्हणून आईच लेकीला भेटायला आली होती. माझ्या आईला स्पॅनिश येत नाही, कार्मेनला मराठी. इंग्रजीच्या नावाने दोघींची बोंब. आम्ही धास्तावूनच लॅबला गेलो.

परत आलो तर किचनच्या टेबलावर अख्खं गाव मांडलेलं! कॉफीचं भांडं म्हणजे चर्च, ताटली म्हणजे चौक, उपडे कप म्हणजे कमानी. आणि दोघी हातात हात घेऊन रडत होत्या.

आईने मला बाजूला ओढलं. "कार्मेनताईंच्या मुलाचं लग्न ठरलंय गं! चौकातच मांडव आहे. आपण जायचंय, मी कबूल केलंय."

अभिनंदन करायला मी लूपेकडे वळले, तर तिनेच मला मिठी मारली. "तुझ्या भावाचं लग्न! बोलली नाहीस ते? आई नागपूरला यायला तयार झालीय!"

मला भाऊ नाही. लूपेलाही नाही.

आई डोळे पुसत म्हणाली, "काही म्हणा कार्मेनताई, नवरी मुलगी मात्र लाखात एक आहे!"