रमाचा र

रोकडे बाईंनी मला वाचायला शिकवलं. त्यांनी शिकवलेलं अक्षर माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात गेलं, आणि मी हसलो.

गावच्या शाळेत पाट्या पुरत नसत. बाई चिंचोके आणायच्या. जमिनीवर चिंचोके मांडून आम्ही अक्षर करायचो, त्यावरून बोट फिरवायचो. तसंच मी रमाला शिकवलं. माझी मुलगी. चार वर्षांची.

शहरात, खराडीतली इंग्रजी शाळा. केजीचा प्रवेश. मी, बायको, रमा, तिघांनी दाराबाहेर चपला काढल्या. गावची सवय. आतल्या मॅडम म्हणाल्या, "अहो, देऊळ नाही हे. घालून या."

आम्ही दोघं घालून आलो. रमा अनवाणीच बसली.

गाव कुठलं, आजोबा काय करायचे, सगळं विचारून झालं. वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे, घरातला पहिला पदवीधर मीच, असं मी सांगितलं. अभिमानाने. मॅडमनी घड्याळ पाहिलं.

मग रमापुढे कागद आणि रंगीत खडू ठेवून त्या इंग्रजीत काही बोलल्या. तिला शब्द कळले नाहीत. लिहायचंय एवढं कळलं. तिने फ्रॉकच्या खिशातून चिंचोके काढले, टेबलावर मांडले, बोट फिरवलं. "रमाचा र."

मॅडमनी पट्टीने चिंचोके डब्यात लोटले. "हे घरचे उद्योग इथे नकोत. तुम्ही शिकवूच नका हिला. तुमचं शिकवलेलं आम्हालाच पुसत बसावं लागतं."

मी हसलो. सॉरी म्हणालो. प्रवेश हवा होता.

प्रवेश देऊ म्हणाल्या. अट एकच, घरात मराठी बंद. गावाहून आजी आली तरी. बायकोने माझा हात दाबला. हो म्हणा, असा.

रमा डब्याकडे बघत होती. "बाबा, माझं चुकलं?"

मी डब्यात हात घातला. कागदाचे बोळे, पेन्सिलींचा भुसा. हाताला लागले तेवढे चिंचोके वेचले. नको आम्हाला प्रवेश, म्हणालो. मॅडमनी पुढच्या पालकांना आत बोलावलं.

बायको बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. पुढच्या शाळेतही तेच ऐकलं, जरा गोड आवाजात. शेवटी मी बाईंना पत्र लिहिलं.

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

रमाचं नाव महापालिकेच्या शाळेत घातलं आहे. बायको अजून नीट बोलत नाही. तिला दोष देता येत नाही. मुलीने माझ्यासारखं कुणापुढे हसू नये, एवढंच तिला हवं होतं.

रमा आता घरातसुद्धा चिंचोके मुठीत धरून विचारते, "इथे चालतं का?" मी हो म्हणतो. तिला खरं वाटत नाही. मूठ उघडत नाही. बाई, यावर काय करायचं ते मला माहीत नाही.

काही चिंचोके डब्यातच राहिले. जमल्यास थोडे पाठवा.

तुम्ही शिकवलंत म्हणून मी त्या टेबलापर्यंत पोहोचलो, आणि तिथे जाऊन हसलो. नव्या शाळेतही टेबल असेल, पट्टी असेल. मी चपला काढूनच आत जाईन. घालून या म्हणाले तरी घालणार नाही. रमाने मूठ उघडली, तर तिच्या अक्षराला पट्टी लागण्याआधी मध्ये माझा हात असेल.

आपला विद्यार्थी