ज्याला कुणी निरोप सांगत नव्हतं

सकाळचे साडेसात झाले असतील. जयवंता कोपऱ्यावरच्या नळावर गेली होती आणि बळीराम खाटेवर बसून सुपातले तांदूळ निवडत होता. गिरणीत वीस वर्षं माग चालवलेल्या माणसाच्या हाती बायकोने सूप दिलं होतं, कारण डॉक्टरांनी तीन गोष्टींची मनाई केली होती. वजन उचलायचं नाही, जिना चढायचा नाही आणि मनाला काही लावून घ्यायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी त्याच्या हातातल्या होत्या.

तेवढ्यात कडी वाजली.

दारात ताराचंद उभा होता, मौद्याचा भाचा, कौसल्याबाईचा पोरगा. त्याला पाहताच बळीरामचा जीव भांड्यात पडला. महिनाभर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारत होता, आमची बाई कशी आहे म्हणून. पायांवर सूज आली आणि ती अंथरुणाला खिळली, एवढंच त्याच्या कानावर आलं होतं. बाई म्हणजे ही कौसल्याबाई, त्याची थोरली बहीण, पण त्याला आई आठवायची ती तिच्याच तोंडवळ्याची. आई गेल्यावर तीन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन ती सासरी गेली होती आणि सासूने टोचून बोलायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. छप्पन सालच्या धम्मदीक्षेला ती मौद्याहून पायी आली, तेव्हा मैदानावरच्या गर्दीत तिने तीस वर्षांच्या भावाचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. मले एक डाव तिच्याजवळ नेऊन द्या, असं बळीराम रोज म्हणत होता. थंडी ओसरू द्या, असं उत्तर रोज मिळत होतं.

पाचपावलीतल्या त्या वस्तीत बळीरामची ओळख गिरणीवरून नव्हती. कुणी वारलं की नातेवाइकांना कळवायला सायकल काढायची ती बळीरामने, हे न ठरवता ठरून गेलं होतं. कामठी असो, वाडी असो की हिंगण्याच्या पलीकडचं खेडं असो. तार करायला पैसे लागतात हे खरं, पण तार दाराशी येऊन पडते आणि घरची बाई उंबऱ्यावरच कोसळते. बळीरामची रीत निराळी होती. तो आधी पेलाभर पाणी मागायचा, मग खाली बसायचा. घरच्यांनी काही खाल्लं आहे का, ते विचारायचा, कारण एकदा निरोप सांगितला की त्या घरात चूल पेटायची नाही. मग घरातल्या थोरल्या माणसाचा हात धरून तो सांगायचा, आणि सांगून झाल्यावर लगेच निघायचा नाही. त्यांचं पहिलं रडणं होईतो बसून राहायचा. लोक म्हणत, बळीरामनं सांगतलं तं दुःख मावते.

ते सगळं दुःख मावत कुठे होतं, हे कुणी विचारलं नाही. मागच्या भादव्यात शेजारच्या यमुताईचा विशीतला लेक विहिरीत बुडाला आणि तिला सांगायची पाळी त्याच्यावरच आली. ती रडली नाही. त्याच्याकडे बघत म्हणाली, खोटं बोलून राहिला तू. घरी येऊन बळीरामने सायकल भिंतीला टेकवली आणि डावा हात धरून तिथेच खाली बसला. मोठ्या दवाखान्यात अठरा दिवस काढले. सुटी देताना डॉक्टरांनी जयवंताला बाजूला घेऊन बजावलं, की याच्या मनाला धक्का बसेल असं काही कानावर पडू द्यायचं नाही.

झालं. अख्ख्या वस्तीने ते अंगावर घेतलं. तो पारावर आला की चाललेलं बोलणं थांबायचं आणि कुणीतरी थंडीचा विषय काढायचं. वर्तमानपत्र आधी जयवंता वाचायची, मग त्यातलं एखादं पान शेगडी पेटवायला गेलेलं असायचं. तिच्याशी त्याचं रोजचं भांडण असे, तंबाखूवरून, मिठावरून, तिच्या भावावरून. आता तो काहीही बोलला तरी ती बरं म्हणायची. एकदा त्याने मुद्दामच म्हटलं, तुह्या भावाची अक्कल गुडघ्यात हाय. ती म्हणाली, हो जी, खरं हाय. त्या दिवशी मात्र तो घाबरला. आपण मेलो आहोत आणि हे लोक चांगलं बोलायची रीत पाळत आहेत, असं त्याला वाटून गेलं.

ताराचंद आत आला. मामी कुठे गेल्या, विचारू लागला. नळावर गेली, येईलच, म्हटल्यावर तो घुटमळला. मग म्हणाला, "मामाजी, गिलासभर पानी द्या न."

बळीरामने पाणी दिलं. ताराचंद खाली चटईवर बसला. पेला तोंडाला लावला, पण घोट घेतला नाही.

"चाय घेतला का तुम्ही? काही खाल्लं?"

बळीरामचा सुपातला हात थांबला. दाराशी उभं राहून आत काय आहे ते माणसांच्या तोंडावर वाचण्यात त्याचा जन्म गेला होता. निरोप आणणाऱ्याचं हे तोंड मात्र त्याने पहिल्यांदाच समोरच्या बाजूने पाहिलं.

"कधी गेली बाई?"

ताराचंद खाली बघत राहिला. मामीची शपथ आहे, असं काहीसं पुटपुटला.

"ताराचंद, मी विचारून राहिलो."

"नऊ दिवस झाले, मामाजी."

बळीरामने सूप खाली ठेवलं. मग त्याने एवढंच विचारलं, की तिच्या अंगावर भावाचं लुगडं पडलं का. माहेरच्या लुगड्याशिवाय बाईमाणसाला उचलत नाहीत, आणि बाईचं माहेर म्हणजे तो एकटाच होता.

पडलं, ताराचंद म्हणाला. मामी घेऊन आल्या होत्या. पांढरं, निळ्या काठाचं. हे भावाचं हाय म्हणून सगळ्यांसमोर तुमचंच नाव घेतलं.

नऊ दिवसांपूर्वी जयवंता कामठीला गेली होती. बहिणीच्या पोरीला पाहायला पाहुणे येणार म्हणाली होती. संध्याकाळी परतली तेव्हा तिचे डोळे लाल होते. बसमध्ये फार धूळ होती, म्हणाली. त्याने थट्टा केली, जिलबी खाल्ली का नुसतं पोहेच? ती हसली होती. हसून त्याचं पान वाढलं होतं. बाई मातीत गेली त्या संध्याकाळी तो दोन भाकरी जेवला होता.

जयवंता डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन दारात आली. ताराचंदला पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि गुंड उतरवून तशीच ओल्या पायांनी फळीकडे गेली. जिभेखाली ठेवायची गोळी तिथे डबीत होती.

"तुले किती डाव सांगतलं होतं रे बापा," ती ताराचंदला म्हणाली. मग नवऱ्याजवळ येऊन तिने गोळी पुढे केली. आवाज तोच, पाच महिन्यांचा, कापसात गुंडाळलेला. "रडू नका जी. छातीवर जोर येईन."

बळीराम रडत नव्हता. रडायचं कसं सुरू करतात, ते त्याला सापडत नव्हतं. ज्या दिवशी रडायचं तो दिवस निघून गेला होता, आणि तो परत आणून देणं कुणाच्याच हातात नव्हतं.

"नऊ दिवस कुठी रडली वं तू?" त्याने विचारलं.

ती म्हणाली, "न्हानीत. बालटीचा आवाज करून."

त्याने तिच्या तळहातावरची गोळी उचलली. छातीत कळ होतीच. ती आजची होती की यमुताईच्या अंगणातली, ते त्याला सांगता आलं नसतं.

"गोळी खातो मी," तो म्हणाला. "पन यापुढं रडाचं असन, तं माह्यासमोर रडत जाय."