मंगळवारी आलेली पहार

मामा फौजेत चौदा वर्षं होता. काम सुरुंग काढण्याचं. पोटावर झोपायचं, हातभर सळईनं माती तिरकी टोचत पुढं सरकायचं. एकदा शेजारच्या जोडीदाराकडून चूक झाली. जोडीदार गेला, मामाचा डावा कान गेला. एवढंच तो सांगायचा, तेही कुणी विचारलं तर.

छत्तिसाव्या वर्षी तो पोलिसात लागला. एका कानाचा माणूस गस्तीला नको म्हणून त्याला मुद्देमालाची खोली दिली. गुन्ह्यात जप्त झालेल्या वस्तू तिथं यायच्या: सुरे, सायकली, रक्ताळलेले सदरे. मामा प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायचा, लाख लावायचा आणि रजिस्टरात तारीख-वेळ लिहायचा. ठाण्यात त्याला सगळे 'फौजी' म्हणत, थोडं कौतुकानं, थोडं चेष्टेनं.

सातव्या वर्षी शहरात एक गोदाम फुटलं. रविवारी तिथल्या रखवालदाराला पकडलं. कुलूप ज्या पहारेनं तोडलं ती त्याच्या खाटेखाली त्याच संध्याकाळी सापडली, असं कागद म्हणत होते. मामाच्या खोलीत मात्र पहार आली मंगळवारी दुपारी तीनला, नवीकोरी, टोकाला दुकानाचं तेल तसंच.

इन्स्पेक्टर स्वतः रजिस्टर घेऊन बसले. रविवारच्या शेवटच्या नोंदीखाली बोटभर जागा होती.

"फौजी, इथं बसवून टाक."

"साहेब, ती मंगळवारी आली."

"मला माहितीये कधी आली. चोर तोच आहे. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

"असेल साहेब. पण मी रविवारी घेतली नाही."

इन्स्पेक्टर चिडले नाहीत. ते म्हणाले, "विचार कर. निवृत्तीला बरीच वर्षं आहेत." मामानं विचार केला की नाही कुणास ठाऊक. जागा रिकामीच राहिली.

आरोपीच्या वकिलानं रजिस्टर कोर्टात मागवलं आणि मामाला साक्षीला उभं केलं. मामी नको नको म्हणत होती. "जगाचा न्याय तुमच्याच गळ्यात बांधलाय का?" तो इस्त्रीचा गणवेश घालून गेला.

पहार कधी आली, असं वकिलानं विचारलं. मामानं वार आणि वेळ सांगितली. मग सरकारी वकील उठले.

"तुम्हाला एका कानानं ऐकू येत नाही, खरं ना?"

"खरं आहे. पण पहार मी डोळ्यांनी पाहिली."

कोर्टात हशा पिकला. रखवालदार सुटला. त्यानं मामाचे आभार मानले नाहीत. कदाचित मामा कोण हेच त्याला नीट कळलं नसेल.

महिन्याभरात मामाची बदली वाहतुकीला झाली, शहरातल्या सगळ्यात गजबजलेल्या चौकात. डब्याच्या वेळी जुने सोबती टेबल बदलून बसू लागले. तिसऱ्या वर्षी डाव्या बाजूनं आलेली स्कूटर त्याला ऐकूच आली नाही. गुडघा मोडला.

"बघा, सत्याचा विजय झाला. प्लॅस्टरमध्ये!" मामी म्हणाली. तो हसला, मग तीही हसली, आणि लगेच डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

चौकात त्यानं तेरा वर्षं काढली. त्याच्यामागून लागलेले फौजदार झाले, हा हवालदारच राहिला. शेवटच्या दोन वर्षांत एक नव्या बाई अधिकारी आल्या. त्यांनी जुनी प्रकरणं चाळताना त्याची साक्ष वाचली आणि त्याला परत मुद्देमालाच्या खोलीत बसवलं, नव्या भरतीला काम शिकवायला. तो शिकवायचा एकच: वस्तू हातात आल्यावर लिहा, आधी नाही, नंतर नाही. पोरं कंटाळायची.

निवृत्तीनंतर मी एकदा त्याच्या उजव्या बाजूला बसून विचारलं, "मामा, तो रखवालदार खरंच निर्दोष होता का रे?"

"मला काय माहीत?" तो म्हणाला. "चोर असेलही."

"मग?"

"मग काय? मंगळवार होता."

गेल्या मार्चमध्ये तो गेला. ठाण्यातून दोघं आले, दोघंही त्याच्या हाताखाली शिकलेले. ते मामीशी फार बोलले नाहीत. खुर्च्या मांडल्या, गर्दी पांगल्यावर उचलल्या, आणि ड्युटीवर निघून गेले.