आईचा आवाज पाठवा

"ओठ वर करा," असे म्हणत बाई आधी स्वतःचाच वरचा ओठ अंगठ्याने उचलून दाखवत. पनवेल स्टँडवर, चहाच्या टपरीपाशी, कुठेही. तुम्ही तिथून जात असता तर तुम्हीही थबकला असता.

त्या दातांच्या डॉक्टर. मुदतीच्या एका आरोग्य योजनेत आसपासच्या गावांतल्या आईवडिलांचे व्हॉट्सॲप ग्रुप चालवत. रोज सकाळी दहाला एक छोटा व्हिडिओ: दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नका, दुधाचे दातही किडतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक घरातून मुलाच्या दातांचा फोटो. बातमीसाठी मी गव्हाणच्या ग्रुपमध्ये शिरलो आणि तिथेच राहिलो.

फोटो रविवारीच का भराभर येतात, हे आम्ही दोघांनीही कुणाला विचारले नाही.

एका रविवारी चार वर्षांच्या मुलीचा फोटो आला. हिरडीवर पुळी. बाईंनी त्या नंबरावर लिहिले, "ताप आहे का? उद्याच घेऊन या." निरोपाखालच्या टिका निळ्या झाल्या. सोमवारी कुणी आले नाही. मंगळवारीही नाही. बाई दर थोड्या वेळाने फोन उघडत आणि म्हणत, "वाचलंय हो त्यांनी."

बुधवारी आम्ही गव्हाणला गेलो. मुलीचा गाल सुजून डोळा मिटत आला होता. आई लवंगेचे तेल लावत होती. बाईंनी निरोपाचे विचारले.

"फोन ह्यांचेकडं अस्तो. रईवारीच घरी र्‍हातो. आमी कवा बगनार?"

वडील ट्रेलर चालवत. त्यांनी निरोप वाचला होता. दुधाचा दात, पडेल आपोआप, असे त्यांना वाटले.

रिक्षात बाई मुलीला मांडीवर घेऊन बसल्या. रस्ताभर "घोट घे, बाळा," म्हणत पाणी पाजत, ती नीट गिळते का ते पाहत होत्या. मुलगी तीन दिवस दवाखान्यात होती. वाचली.

त्यानंतर बाईंनी निळ्या टिकांवर विश्वास ठेवला नाही. व्हिडिओ संध्याकाळी जाऊ लागले. प्रत्येक नंबरापुढे त्यांनी लिहून घेतले: दिवसा फोन कुणाकडे, घर कुठे. आणि प्रत्येक निरोपाखाली एकच मागणी: "आईचा आवाज पाठवा." मग कुणी लाजत "ऐकला, बाय" म्हणे, कुणाच्या आवाजामागे कुकरची शिटी वाजे. बाई सगळे ऐकत.

योजना संपली. बाई दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. त्यांचा फोन योजनेच्या कार्यालयाचा. तो तिथल्या कपाटात जमा झाला. जाताना यादीची एक प्रत माझ्याकडे ठेवून म्हणाल्या, "असू द्या."

ग्रुप कुणी बंद केला नाही. फोटो येत राहतात.

काल रविवार होता. एका मुलाच्या हिरडीवर तशीच पुळी दिसली. फोटो मी आज सकाळी पाहिला. त्या नंबरावर लिहिले, "ताप आहे का? आईचा आवाज पाठवा."

दहा मिनिटांत निरोप वाचल्याची निळी खूण आली. आवाज आला नाही.

यादीत त्या नंबरापुढे बाईंचे अक्षर आहे: दिवसा वडिलांकडे. घर तलावामागे, हिरवा दरवाजा.

मी स्टँडवर उभा आहे. गव्हाणची गाडी अजून लागलेली नाही.