पहिलं शून्य कोणी लिहिलं

आमच्या पूर-अंदाज कार्यालयात तिला सगळे मोजूबाई म्हणायचे. कुणी काहीही म्हटलं की तिचं ठरलेलं, “आधी मोजू या.” चहा गार झालाय म्हटलं तरी. मागून हसणारे पुष्कळ होते, मीही त्यांतलाच. माझं टेबल तिच्या टेबलाला लागून होतं.

ती टायपिस्ट म्हणून लागली होती. नवरा बसचालक, दोन मुली. मुलींच्या शाळेच्या वेळा सांभाळत कॉम्प्युटर शिकली आणि चाळिशीत यंत्रखोली तिच्याकडे आली. पद मात्र जुनंच राहिलं.

रोज सकाळी सहाला ती नदीच्या पातळीचं गणित चालू करायची. तीन तासांनी अंदाज निघे, मग धरणावरच्या माणसांना फोन जाई. अंदाज लवकर निघावा म्हणून चार प्रोसेसरचं नवं यंत्र आणलं. साहेबांनी सगळ्यांना बोलावून बटण दाबलं आणि गणिताला लागले सव्वातीन तास. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. यंत्र विकणाऱ्यांचा माणूस दोनदा आला आणि यंत्र ठणठणीत आहे असं लिहून देऊन गेला.

मोजूबाई आठवडाभर आकडे बघत बसली. प्रत्येक प्रोसेसरजवळ आपापली मेमरी होती. शेजारची पटकन मिळते, दुसऱ्याकडची मागवावी लागते. पण गणिताची जवळजवळ सगळी मेमरी पहिल्याच्याच दाराशी साठली होती आणि बाकीचे तिघे त्याच्याकडे रांग लावून उभे. तिने एक सेटिंग बदलून मेमरी चौघांत सारखी वाटायला लावली. वेळ दोन तासांवर आला.

“झालं की,” साहेब म्हणाले.

“अर्धवट झालं. आता प्रत्येकाला लागणाऱ्या मेमरीचे चारातले तीन हिस्से लांबच आहेत. खरं कारण प्रोग्रॅममध्ये आहे.”

प्रोग्रॅमला हात लावायची कुणाची छाती नव्हती. तो यंत्रखोलीच्या जुन्या प्रमुखांनी, सरांनी लिहिलेला. सरांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी त्यांचा धाक तसाच होता. मोजूबाईला कॉम्प्युटरसमोर पहिल्यांदा बसवलं तेही त्यांनीच. रविवारी ती त्यांच्या घरी गेली. मीही गेलो, खरं सांगायचं तर गंमत बघायला.

सुनेने दार उघडलं. “बाबांशी जरा मोठ्याने बोला,” ती म्हणाली, “आणि चूक काढायची असेल तर हळू.”

मोजूबाईने कागद पसरले. “सर, प्रोग्रॅमने मेमरी मागितली की कर्नल, म्हणजे यंत्राची मूळ व्यवस्था सांभाळणारा प्रोग्रॅम, नुसता हो म्हणतो. खरी जागा देतो ती पहिला आकडा लिहिताना. जो प्रोसेसर लिहील, त्याच्या शेजारची.”

“बरं, मग?”

“तुमच्या सुरुवातीच्या ओळी सगळ्या तक्त्यात शून्य भरतात. ते काम एकटा पहिलाच करतो.”

सरांनी कागद जवळ ओढला. “म्हणजे माझ्यामुळे.”

“तुम्ही लिहिलंत तेव्हा प्रोसेसरच एक होता, सर.”

“समजूत घालू नकोस.” ते उठून आत गेले. सुनेने चहा आणला. कशाला आलो, असं मला होऊन गेलं.

सर बाहेर आले ते बूट घालून. “रविवारी कार्यालय उघडं असतं ना अजून? चल.”

यंत्रखोलीत ती टाइप करत होती आणि सर बाजूला बसून ओळ न ओळ वाचत होते. प्रत्येक प्रोसेसरने आपला भाग स्वतः शून्य करायचा आणि शेवटपर्यंत त्याच भागावर काम करायचं, एवढाच बदल. सेटिंग तिने पुन्हा जुनं केलं, म्हणजे लिहिणाऱ्याला त्याच्या शेजारचीच जागा मिळेल. गणित संपलं सेहेचाळीस मिनिटांत. सकाळच्या अंदाजाशी आकडे ताडून पाहिले, एकही इकडचा तिकडे नव्हता. सरांनी चष्मा काढून पुसला आणि तिला म्हणाले, “माझ्या अजून सतरा फाइली आहेत. त्याही बघ.” पुढच्या मंगळवारपासून ते स्वतःच येऊ लागले.

त्या वर्षीची बढती दुसऱ्यालाच मिळाली. मोजूबाई यंत्रखोलीत पाठ करून उभी होती, खांदे हलत होते. मी दारातूनच परत फिरलो. दुसऱ्या दिवशी मात्र साहेबांकडे गेलो आणि रविवारी काय काय झालं ते बसून सगळं लिहून दिलं. खाली सरांनीही सही केली. तिला वरचं पद मिळायला आणखी चौदा महिने लागले, पण मिळालं.